उंबरठ्यावरचे बोट

भयाच्या गोष्टी सांगणारे आधी रात्र पडू देतात, दिव्याची वात बारीक करतात आणि मगच बोलू लागतात. या गोष्टीला तेवढी तयारी लागत नाही. ती घडली वैशाखातल्या भर दुपारी, ज्या वेळी खानदेशातले कुत्रेसुद्धा सावली सोडून भुंकायला उठत नाही. आणि ती निघाली एका सरकारी कामातून. त्या कामात भुताला शिरायला फट असेल, अशी शंकाही कोणाला येऊ नये.

कोथळगाव हे तापीच्या काठचे छोटे शहर. त्याचा विकास आराखडा जुना होऊन गेला होता. ज्या जागी आराखड्यात बाग दाखवली होती तिथे मंगल कार्यालय उभे होते आणि जिथे रस्ता दाखवला होता तिथे लोक संसार थाटून बसले होते. पुढच्या वीस वर्षांचा सुधारित आराखडा करायचे काम दिपमालाकडे आले. दिपमाला नगररचना खात्यात अधिकारी होती. चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, कामाला चोख. तिच्या हाताखालचे लोक म्हणत, मॅडमच्या नकाशावर माशी बसली तरी तिला जागेचा वापर सांगावा लागेल.

अशा चोख बाईच्या हातून एक चूक झाली होती. कोथळगावाच्या पश्चिमेला, नदीच्या वळणावर, जुने गावठाण पडून होते. मागे एका मोठ्या पुरानंतर तिथली सगळी भावकी उठून वरच्या बाजूला नव्या वस्तीत राहायला गेली. दिपमालाने ती जागा पाहिली ती जळगावात बसून, उपग्रहाच्या छायाचित्रात. पडक्या भिंतींचे चौकोन, मध्ये निंबाची झाडे, माणूस नाही. तिने त्यावर ‘रिकामी जागा’ असे लिहिले आणि प्रारूप आराखड्यात तिथे शहराच्या कचऱ्याचा डेपो टाकून दिला.

हरकती घेण्याच्या अखेरच्या दिवशी एक म्हातारी नगरपालिकेत आली. ताईबाई तिचे नाव. नव्या वस्तीत एकटी राहणारी, मागेपुढे कोणी नसलेली. तिने दोन्ही तळहात दिपमालाच्या टेबलावर टेकले.

“तठे कोनी ऱ्हास नही, आसं तू लिखेल शे?”

“अक्का, पडकी घरं आहेत ती. तिथं आता कोण राहतं?”

“येईसन देख ना, बेटी.”

“तुमची हरकत लेखी द्या. अंगठा चालेल.”

म्हातारीने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “ज्यासनं घर शे त्यासले इचार. मना अंगठा लिसन काय करशी?” एवढे बोलून ती काठी टेकत निघून गेली.

ती वाक्ये दिपमालाच्या मनातून जाईनात. नियोजन समितीची शेवटची बैठक तोंडावर आली. ‘जागेची प्रत्यक्ष पाहणी केली’ या ओळीखाली तिला सही करायची होती आणि पाहणी तर तिने केलेली नव्हती. न पाहिलेल्या जागेवर सही करणे तिच्या स्वभावात बसत नव्हते. बैठकीचा आदला दिवस तेवढा मोकळा होता. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता; त्या दिवशी खानदेशात गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात आणि लेकी माहेरी येतात.

नगरपालिकेचा शिपाई अभिमन त्याच गावठाणातल्या भाऊबंदांपैकी. जुने गावठाण दाखवायला चल म्हटल्यावर त्याने कान धरले.

“मॅडम, आखाजीले नका जाऊ तठे. त्या दिवशी तठे गर्दी ऱ्हास.”

“बरंच झालं. लोक भेटतील.”

“आम्ही पहाटे जातो, आपापल्या जुन्या उंबरठ्यावर घागर भरतो आन् ऊन चढायच्या आत माघारी येतो. मंग दुपारनी गर्दी ऱ्हास.” तो हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. “तुम्ही माहेरी जा ना, मॅडम. आखाजीले कोनी बाई कामाले निंघस का?”

दिपमालाला माहेर म्हणावे असे घर उरले नव्हते. धुळ्याला आई होती ती कार्तिकात गेली. घराला कुलूप लागले. भाऊ भूषण सुरतेला. आखाजीच्या सकाळी त्याचा फोन आला: “ताई, आम्ही आईच्या नावानं ऑनलाइन दान करून टाकलं. फ्लॅटमध्ये घागर-बिगर कोण भरतं आता?” ती ‘बरं’ म्हणाली. तिचा स्वतःचाही त्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी फोन ठेवल्यावर तिला आईची वाकलेली पाठ आठवली. आखाजीला आई उंबरठा पुसून घेई, कुंकू कालवी आणि गेलेल्या एकेकाचे नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट ओढी. नाव घेण्याआधी तिला दोनदा खोकायची सवय होती. लहानगी दिपमाला मध्ये आली की ती ओरडे, “ओलांडून ये गं! बोटावर पाय देऊ नको. नाव पुसलं तर माणूस जाईल कुठं?”

दिपमाला जळगावहून निघाली आणि कोथळगावाच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. रस्ता संपला तिथे तिने गाडी लावली. नदी खाली कुठेतरी चिमटलेल्या धारेत वाहत होती. हवेला झळांचे पाणी सुटले होते आणि त्या पाण्यात गावठाणाच्या पांढऱ्या भिंती हलल्यासारख्या दिसत होत्या. होला पक्षी घुमत होता, तोही गावठाणाची हद्द आली तसा थांबला.

घरे सगळी धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची होती. धाबी कधीच कोसळली होती. तुळया लोकांनी काढून नेल्या होत्या. राहिल्या होत्या कमरेएवढ्या भिंती आणि दगडी उंबरठे. अभिमन खोटे बोलला नव्हता. प्रत्येक उंबरठ्यापाशी लाल घागर भरलेली होती, तिच्यावर छोटे मडके, त्यावर खरबुजासारखे डांगर आणि गोड सांजोरी. उंबरठ्यांवर कुंकवाची बोटे ओढलेली. कुठे पाच-सात, कुठे इतकी की दगडच लाल झालेला. सांजोऱ्यांना मुंग्या लागलेल्या नव्हत्या. हे दिपमालाच्या लक्षात आले आणि तिने ते तिथेच सोडून दिले. तिने फोनमध्ये छायाचित्रे घेतली. उन्हात पडद्यावर सगळे पांढरेच दिसत होते.

गल्लीच्या टोकाला, निंबाच्या पलीकडे, शेवटचे घर होते. तिथे ती थांबली. उंबरठा नुकताच सारवल्यासारखा स्वच्छ. ओळीने वाळलेली बोटे आणि ओळीच्या शेवटी एक बोट ओले. घागरीच्या अंगावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. नव्या भिजलेल्या मातीचा वास आला, त्याच्या मागोमाग तुपात तळणाऱ्या सांजोरीचा.

तेवढ्यात तिला जे दिसले ते समजायला वेळ लागला. तिची स्वतःची सावली पायाखाली गोळा झालेली होती. निंबाची सावली निंबाच्या बुंध्याशी होती. त्या घराला मात्र छप्पर नव्हते, आणि घरात सावली होती. गार, दाट, चार भिंतींना चिकटून पसरलेली. तिच्यात तुळयांच्या काळ्या रेघा नीट उमटलेल्या. वर पाहावे तर उघडे, जळते आभाळ. आणि त्या सावलीच्या मध्यभागी आणखी एक सावली हलत होती. मागे, पुढे. मागे, पुढे. झोक्याची. आखाजीला माहेरवाशिणींसाठी बांधतात, तशा लांब दोराच्या झोक्याची. झोका कुठेच नव्हता. दोराची करकर मात्र ऐकू येत होती.

शहाणा माणूस इथून पळाला असता. पण दिपमालाचा घसा कोरडा पडला होता, मस्तक तापले होते. आणि खरे सांगायचे तर, आखाजीच्या दिवशी कोणाच्या तरी दाराशी उभे राहून तिला बरे वाटत होते. तिने आईने शिकवल्याप्रमाणे पाय उचलून बोटे ओलांडली आणि ती सावलीत शिरली. अंगावर काटा आला, इतका गारवा होता आत.

“ऊनी का, बेटी?”

‘आलीस का’ असे विचारत कोपऱ्यात ताईबाई बसली होती. गुडघ्यांभोवती हात, डोक्यावर पदर. आज काठी जवळ नव्हती.

“अक्का, तुम्ही... इतक्या उन्हात?”

“ऊन कोठे शे?” म्हातारी म्हणाली. “बस. पानी पे.”

दिपमाला बसली. झोक्याची सावली तिच्या मांडीवरून गेली आणि परत आली. तिच्या स्पर्शाने तेवढा भाग बर्फासारखा होत होता.

“तुनी माय?” ताईबाईने हळूच विचारले.

“गेली. यंदाच.”

“तिनी घागर कोनी भरी?”

दिपमालाच्या ओठांवर भूषणचे ऑनलाइन दान आले आणि तिथेच विरले. “कोणी नाही,” ती म्हणाली.

“मंग ती कोठे जाई...?” म्हातारीने मान वळवून झोक्याच्या सावलीकडे पाहिले. “आठेच ऊनी, या घरमा. सहा महिना व्हयनात. तुले रिकामं दिसनं, बेटी... तिले दिसनं नही.”

करकर थांबली. झोक्याची सावली जमिनीवर स्थिर झाली आणि तिच्यातून दुसरी एक सावली, किंचित वाकलेली, सावकाश उतरली. दिपमालाच्या अगदी मागे, मानेजवळ, कोणीतरी खोकले.

एकदा.

...आणि दुसऱ्यांदा.

पुढचे तिला सलग आठवत नाही. ती उठली, धावली. धावताना तिचा पाय उंबरठ्यावर पडला, ओल्या बोटावर. मागून ताईबाईचा आवाज आला. त्यात राग नव्हता. हळहळ होती.

“नाव पुसाई गयं, बेटी... आते ते तुनासंगे येई.”

गाडीशी पोहोचल्यावर तिने वळून पाहिले. झळांच्या पाण्यात पांढऱ्या भिंती हलत होत्या. बाकी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने कचरा डेपोचे आरक्षण वगळण्याची शिफारस मांडली आणि विद्यमान वापरापुढे ‘रिकामी जागा’ खोडून ‘वस्ती’ असे लिहिले. समितीचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ चष्म्यावरून पाहत राहिले.

“मॅडम, तिथं एक मतदार नाही हो!”

“मतदार नसतील. वस्ती आहे.”

“मग घरपट्टी लावा की!” सगळे हसले. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मी प्रत्यक्ष पाहणी केली आहे,” दिपमाला म्हणाली आणि तिने त्या ओळीखाली सही केली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे आपोआप थांबले. तिच्या शब्दाला आजवर कोणी खोटे पाडले नव्हते. डेपोसाठी उत्तरेकडची खाण सुचवली गेली आणि विषय मिटला.

बाहेर व्हरांड्यात अभिमन भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांना झोप नव्हती. चहा पुढे केला तर त्याने कपाला हात लावला नाही.

“सुतक शे, मॅडम. ताईबाई अक्का गेली. काल पहाटे.”

“...पहाटे?”

“तांबडं फुटाना आधी. बठ्ठी भाऊबंदकी स्मशानात. यंदा आखाजीले आमनापैकी कोनी तठे गयं नही. एक घागर भरी नही.” तो खिन्नपणे म्हणाला, “तुम्ही गेल्या नाहीत ना काल? सुनंसुनं वाटलं असतं तुम्हाले.”

दिपमालाने फोन काढून कालची छायाचित्रे पाहिली. भिंती होत्या, उंबरठे होते. उंबरठे कोरडे, धुळीने भरलेले. अभिमनला तिने काहीच दाखवले नाही.

संध्याकाळी, उजेड असतानाच, ती जळगावच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर पोहोचली. जिन्याखाली घरमालकीण सुमनबाई कुरडया गोळा करीत होत्या.

“माहेरचं कोणी आलंय का हो तुमच्याकडे?” त्यांनी कौतुकाने विचारले. “बरं झालं बाई. एकट्याच असता नेहमी.”

“नाही. का?”

“सकाळी तुम्ही निघाल्यापासून वर झोका करकरतोय. म्हटलं, आखाजीचा बांधला असेल. पण झोक्याला कडी कुठं आहे त्या खोलीत?”

दिपमाला जिना चढली. दाराला कुलूप होते. काल घाईने शिरताना तिच्या चपलेचा लाल डाग उंबरठ्यावर लागला होता. सकाळी निघताना ओल्या फडक्याने तिने तो घासून पुसला होता. डाग आता नव्हता. त्या जागी कुंकवाची दोन बोटे होती, शेजारी शेजारी, सरळ, जाणत्या हाताने ओढलेली.

पहिल्या बोटाचे नाव तिने मनात घेतले. आत, बंद दारामागे, कोणीतरी दोनदा खोकले.

दिपमालाने चपला काढल्या, कुलूप उघडले, आणि आईने शिकवल्याप्रमाणे पाय उंच उचलून दोन्ही बोटे ओलांडली.

दुसरे बोट, ताईबाईचे, अजून ओले होते.