गाणाऱ्याची जागा

कानांच्या दवाखान्यात बाई सतरा वर्षं एकच काम करत होत्या. तळघरातल्या त्यांच्या खोलीत एक बंद केबिन होती. भिंतींना करडा स्पंज, एक काचेची खिडकी आणि फ्रीजसारखं जाड दार. पेशंट आत बसायचा, हेडफोन चढवायचा, हातात बटण धरायचा. बाई बाहेर मशीनपुढे बसून एकेक बारीक स्वर सोडायच्या. ऐकू आला की बटण दाबायचं आणि मशीनवरचा छोटा दिवा लागायचा. एवढाच कारभार. पेशंटांच्या लेखी त्या ‘कानवाल्या बाई’ होत्या आणि एव्हाना त्यांनाही ते अंगवळणी पडलं होतं.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा पेशंट आला तो सत्तरीचा एक काटक म्हातारा. सोबत लेक होती. बोलायचं काम तिनंच केलं. आठ दिवसांपूर्वी रस्ता ओलांडताना मागून ट्रक आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला, पण बाबांना पत्ताच नाही. एका दुकानदारानं कॉलर धरून मागे खेचलं म्हणून निभावलं. आता कानाचं मशीन घ्या म्हणून ती हात जोडत होती आणि बाबा नन्नाचा पाढा सोडत नव्हते.

म्हातारा ओठांकडे बघून बोलणं ओळखायचा. मुकाट्यानं आत जाऊन बसला. तपासणी सुरू झाली आणि बाईंच्या लक्षात आलं की दोन्ही कान जवळजवळ कामातून गेलेत. मोठ्यातला मोठा स्वर सोडावा तेव्हा कुठे दिवा लागे. पण मध्येच एकदा, बाईंनी काहीही सोडलेलं नसताना, दिवा लागला. जरा वेळानं पुन्हा लागला. गोंधळलेली माणसं असं करतात. बाईंनी कागदावर ‘चुकीचे प्रतिसाद’ असं लिहिलं आणि पुढे गेल्या.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं की चाळीस वर्षं दगड कापायच्या मशीनवर काढली. त्याआधी ड्रम वाजवायचा. मग त्यानं बाईंना विचारलं, तुम्ही काय ऐकता? बाई म्हणाल्या, काहीच नाही. दिवसभर कानात स्वर असतात, घरी गेल्यावर पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो. म्हाताऱ्यानं मान डोलावली. हवं होतं तेच उत्तर मिळाल्यासारखी.

दोन दिवसांनी तो एकटाच परत आला. खिशातून एक कॅसेट आणि छोटा प्लेअर काढून टेबलावर ठेवला.

“आमच्या बँडची आहे. कधी बाहेर आली नाही. तेवीस मिनिटांचा एकच तुकडा. तुमचे कान कोरे आहेत आणि तयारही. ऐका आणि मला एवढंच सांगा, किती जण वाजवतायत.”

बाईंना हसू आलं. त्यांनी विचारलं, सांगितलं तर काय देणार?

“मशीन घेईन,” तो म्हणाला. तो मात्र हसला नाही.

त्या दुपारी डबा खाऊन झाल्यावर बाई केबिनमध्ये शिरल्या. सगळ्यात शांत जागा तीच. पहिल्या खेपेला चार मिनिटं टिकल्या. कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं आणि त्याच्या मागोमाग ट्रॅक्टर सोडावा, असा तो प्रकार होता. तालावर पाय धरावा तर पाय चुकायचा. त्यांनी हेडफोन काढले आणि वर काऊंटरवर जाऊन तक्रार केली.

काऊंटरवरच्या ताई पन्नाशीच्या. सदा हातात विणकाम, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी प्लेअर कानाला लावला, मिनिटभर ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. हे मेटल आहे, रॉकमधला सगळ्यात दणदणीत प्रकार, त्यांनी सांगितलं, आणि त्यातही प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबलचक आणि हिशोबी. स्वेटर विणताना आपण हेच ऐकतो, ही गोष्ट त्यांनी वीस वर्षं दवाखान्यापासून लपवून ठेवली होती.

मग ताई शिकवायला बसल्या. मुखडा-अंतरा शोधू नका, सापडणार नाही. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्याला भांडण समजू नका. आणि पाय चुकतो ना, तो इथे. चार मोजा, मग तीन मोजा, की लगेच नवा फेरा. सात मात्रांचा हिशोब. त्यांनी सुईनं टेबलावर ठोकून दाखवलं. बाईंनी मोजलं. तिसऱ्या दिवशी पाय चुकायचा थांबला आणि अंधारात पायरी पायाला लागावी तसा तो सगळा गदारोळ एकदम उलगडला.

त्यानंतरचे दोन आठवडे बाईंच्या आयुष्यात कधी आले नव्हते असे गेले. ताईंनी आणखी कॅसेटी दिल्या. एकेक तुकडा अर्ध्या तासाचा. मध्ये सगळं थांबून एखादी बासरी यायची, मग पुन्हा डोंगर कोसळायचा. बाईंना कळायला लागलं की त्या आरडाओरड्याच्या पोटात कमालीची शिस्त असते. त्या घरीही ऐकू लागल्या. नवऱ्यानं एकदा निरखून विचारलं, डोळे मिटून बसतेस ती ट्रक स्टार्ट व्हायची वाट बघतेस का. त्या हसल्या, पण हेडफोन काढले नाहीत. सतरा वर्षं दुसऱ्यांचे कान तपासताना स्वतःला कान आहेत हेच त्या विसरल्या होत्या.

म्हाताऱ्याच्या कॅसेटकडे त्या परत वळल्या तेव्हा कान चांगला तयार झाला होता. आता एकेक वाद्य वेगळं काढता येत होतं. डावीकडे गिटार. मधोमध, खाली, बेस गिटार. मागे म्हाताऱ्याचे ड्रम, तरणेबांड आणि उर्मट. तिघं जण. बाईंनी खुशीत कागदावर ‘३’ लिहिलं.

नवव्या मिनिटाला तिघंही एकदम थांबत. दोन फेरे नुसते रिकामे जात. त्या रिकाम्या जागेत बाईंना काहीतरी ऐकू आलं.

कुणीतरी श्वास आत घेतला होता. गाणारा माणूस पहिल्या शब्दाआधी घेतो तसा, भरून, छातीपर्यंत. पण शब्द आला नाही. श्वास बाहेरही आला नाही. वाद्यं पुन्हा सुरू झाली.

टेपची खरखर असेल म्हणून त्यांनी मागे नेऊन ऐकलं. पुन्हा तेच. मग पुढे चौदाव्या मिनिटाला एकदा. एकोणिसाव्याला एकदा. दर वेळी आत घेतलेला श्वास... आणि सोडलेला एकही नाही.

त्यांनी ताईंना ऐकवलं. ताईंनी तीनदा ऐकलं आणि सांगितलं, तिघंच आहेत हो, मध्ये चक्क शांतता आहे. नव्या कानाला भास होतात, त्या म्हणाल्या, आणि टाके मोजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा लावली. नवव्या मिनिटाचा श्वास कालच्यापेक्षा जवळ होता. काल तो ड्रमच्या मागे कुठेतरी होता. आज उजव्या कानाशी. बाईंनी हेडफोन काढून टाकले आणि केबिनच्या स्पंजकडे बघत बसल्या. हेडफोन मांडीवर होते. टेप चालूच होती. चौदावं मिनिट यायचं होतं... त्यांनी घाईनं प्लेअर बंद केला.

त्याच दिवशी त्यांनी कॅसेट कपाटात कुलूपबंद केली. वाटलं, विषय संपला. पण चार दिवसांनी एक बस ड्रायव्हर लायसनसाठी तपासणीला आला. धडधाकट माणूस, कान उत्तम. बाई दोन स्वरांच्या मध्ये थांबल्या होत्या आणि दिवा लागला. त्यांनी काही सोडलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा लागला. मग ड्रायव्हरनं जाड दार ढकललं आणि वैतागून बाहेर डोकं काढलं.

“मॅडम, माझ्या मागे कोण बसलंय? तपासणी माझी आहे ना?”

केबिनमध्ये एकच खुर्ची होती. ती भिंतीला टेकलेली असते.

बाईंनी कसंबसं सर्टिफिकेट लिहून दिलं. तारीख दोनदा खोडावी लागली. मग त्यांनी म्हाताऱ्याला दुपारीच बोलावून घेतलं.

तो आला, समोर बसला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच काय ते समजला असावा. तरी त्यानं लगेच विचारलं नाही. आधी स्वतःचं सांगितलं, हळू आवाजात, बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो तरीही हळू. ते तिघंच मित्र होते. तुकडा लिहिताना त्यांनी गाणाऱ्यासाठी तीन ठिकाणी जागा ठेवली होती. गाणारा काही मिळाला नाही. मग ठरलं, राहू दे, असंच बरं वाटतंय. रेकॉर्डिंग झालं. नंतर ऐकायला बसले तेव्हा त्या जागा रिकाम्या नव्हत्या.

गिटारवाल्याला आधी ऐकू आलं, मग बेसवाल्याला. एकानं शहर सोडलं, दुसऱ्यानं वाद्य जाळलं. दोघंही वर्षभरात झोपेतच गेले. जायच्या आदल्या दिवशी गिटारवाला म्हणाला होता की तो श्वास आता घरीही ऐकू येतो, टेप न लावता.

“म्हणून मी दगडाच्या मशीनवर गेलो,” म्हातारा म्हणाला. “कानाला काही न बांधता. लोक म्हणायचे, अरे कान जातील. म्हटलं, जाऊ देत. पंचवीस वर्षांनी पुरते गेले. इतकी शांत झोप लागली मला, बाई... पण हल्ली वाटतं, आम्ही तिघं पोरं होतो, घाबरलो असू. एकमेकांना घाबरवलं असेल. खरं सांगा. किती जण?”

बाईंनी त्याच्या रुंद पंजांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेला घट्ट धरून होते. त्यांना ट्रक आठवला, त्याच्या लेकीचे जोडलेले हात आठवले. चार म्हणावं तर हा माणूस मशीन कधीच लावणार नाही आणि एखाद्या चाकाखाली जाईल. आणि चार म्हणावं तर... ते आपल्याही तोंडून खरं होऊन बसेल. त्यांना ते उच्चारायचंच नव्हतं.

“तीन,” त्या म्हणाल्या. ओठ नीट दिसतील असं, स्पष्ट. “तिघंच आहेत.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग त्यानं डोकं पुढे केलं, लहान मूल टोपी घालून घ्यायला करतं तसं. बाईंनी दोन्ही कानांत मशीन बसवलं, आवाज हळूहळू वाढवला. भिंतीवरचं घड्याळ ऐकून तो हसला. खुर्ची सरकवून बघितली, कागद चुरगळून बघितला. जाताना त्यानं कॅसेट मागितली नाही. बाईंनीच ती त्याच्या पिशवीत घातली, जरा घाईनंच.

पहिल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. किती आभार मानू असं तिला झालं होतं. बाबा बेल वाजली की दार उघडतात, गॅलरीत बसून रहदारी ऐकतात. दुसऱ्या आठवड्यात फोन आला नाही. बाईंनी स्वतःहून करावा असं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. केबिनमध्ये आता त्या दार उघडं ठेवून तपासणी करत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आत गुदमरायला होतं म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं लेक आली. एकटी. टेबलावर तिनं मशीनची डबी ठेवली.

बाबा गेले, झोपेतच, नऊ दिवस झाले. त्रास काहीच झाला नाही. शेवटचे आठ-दहा दिवस मात्र ते गप्प होते, एकही शब्द नाही. ती सकाळी कामावर जायची, संध्याकाळी यायची, तेव्हा ते त्याच खुर्चीत, तोंड जरासं उघडं ठेवून, मशीन लावून बसलेले असायचे. काय ऐकताय विचारलं तर हातानं थांब म्हणायचे. गेल्यावर तिनं स्वतःच त्यांच्या कानांतून मशीन काढलं, बॅटऱ्या काढल्या आणि डबी कपाटात ठेवली. कुणा गरजूला उपयोगी पडेल म्हणून आज आणली. जाता जाता तिला एकच जाणून घ्यायचं होतं. आपण एवढा हट्ट केला, तर बाबांनी ते नीट वापरलं तरी का? त्यांना त्याचं सुख मिळालं का?

हे सांगणं सोपं होतं. या मशीनमध्ये रोजची नोंद राहते. किती तास लावलं आणि आसपास काय होतं. शांतता, बोलणं, गोंगाट, संगीत. वापरणाऱ्याचा स्वतःचा आवाजसुद्धा ते वेगळा ओळखतं. बाईंनी वायर जोडली. पडद्यावर तारखांची रांग उमटली. पहिले दिवस छान होते, रहदारी, बोलणं, टीव्ही. मग एकेक रकाना रिकामा होत गेला आणि शेवटचे आठ-दहा दिवस नुसती शांतता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

रांग तिथे संपायला हवी होती. बाईंनी खाली सरकवलं.

“वापरलं ना त्यांनी?” लेकीनं विचारलं. तिला टेबलाच्या त्या बाजूनं पडदा दिसत नव्हता.

“हो,” बाई म्हणाल्या. “नीट वापरलं.”

लेकीनं डोळे पुसले, आभार मानले आणि ती जिना चढून गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी बाई हलल्या नाहीत. पडद्यावर नऊ ओळी जास्तीच्या होत्या, दिवसाला एक, प्रत्येकीत एकच रकाना भरलेला. वापरणाऱ्याचा स्वतःचा आवाज. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग वीस. शेवटची नोंद कालची होती, दुपारी सलग एक तास दहा मिनिटं, आणि तिच्यासमोर यंत्रानं आपणहून एक शब्द छापला होता... ‘गायन’.