राखतळ्यावरचे बारा खड्डे

श्रीमंतनं हक्कसोडीचा कागद ताटाशेजारी ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं, आणि भाकरी मोडणारा अयोध्याचा हात जागीच थांबला.

"आक्का, आता तरी कर सही," तो म्हणाला. "सोमवारी चाकूरला तहसीलीत जायचंय. मायनं अंगठा दिलाय. तुझ्यापायी सगळं अडून बसलंय."

तिनं कागद हातात घेतला. वाचायची गरज नव्हती... मजकूर तिला पाठ झाला होता. रानसांगवीच्या शिवारातलं कोळशाचं वीज केंद्र बंद होऊन तीन वर्षं झाली होती. चिमण्या पाडून झाल्या, कोळशाचं आवार खरवडून काढलं, आणि जिथं पंचवीस वर्षं केंद्राची राख पाण्यात कालवून सोडली जात होती त्या राखतळ्यावर माती पसरून ती जमीन मूळ मालकांच्या वारसांना परत द्यायचं ठरलं. घरटी एकच नाव लागणार होतं, बाकीच्या वारसांनी हक्क सोडायचा होता. अयोध्याच्या वडिलांची, दयानंदरावांची, त्यात साडेतीन एकर गेली होती. ते वारल्यावर वारस उरले तिघं : आई नागाबाई, मुलगी अयोध्या आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान श्रीमंत.

"मी न्हाई करणार सही," अयोध्या म्हणाली.

"कामून?"

तिनं कागद परत ताटाशेजारी सरकवला. श्रीमंतच्या बायकोनं, रेणुकानं, तवा जरा जोरातच खाली ठेवला. "वन्सं, हिस्सा पाहिजे असंल तर सरळ म्हणा की. आमी काय न्हाई म्हणून राहिलो का?"

"मला काय करायचाय हिस्सा?"

"तेच तर इचारते. पुढं ना मागं कुणी, आन् जमिनीत एवढा जीव."

लग्नानंतर दीड वर्षात कंधारहून एकटी परत आलेल्या अयोध्याला असे शब्द नवे नव्हते, तरीही प्रत्येक वेळी ते त्याच जुन्या जागी लागायचे... तिनं पाण्याचा घोट घेतला.

"तिचा राग जुना हाय," श्रीमंत कडवटपणे हसला. "बी.एस्सी. फर्स्ट क्लास, आन् केंद्राच्या निवडीत नापास. मी आयटीआयवाला लागलो. वीस वर्षं झाली, अजून सलतंय तिला."

"पप्पा, बस करा ना," साक्षी म्हणाली. ती त्यांची एकुलती एक मुलगी, लातूरला कॉलेजात होती, दिवाळीच्या सुट्टीला आलेली.

"खरं ते बोललो. मंगळवारी ट्रॅक्टर सांगितलाय मी. जमीन नांगरून हरभरा टाकायचाय. मी स्वतः बसणार हाय ट्रॅक्टरवर. सही होऊ दे नाहीतर नको, मंगळवारी मी जाणार."

अयोध्या ताटावरून उठली. ट्रॅक्टर हा शब्द कानात शिरल्यापासून तिला बसवतच नव्हतं.

ती दारात गेली, अंगणात गेली, पुन्हा आत आली. कुणाला काय सांगणार होती ती? कंधारहून आल्यावर पंधरा वर्षं त्याच केंद्राच्या पाणी-प्रयोगशाळेत तिनं रोजंदारीवर काम केलं होतं. आधी बाटल्या धुतल्या, मग हळूहळू तपासण्याही तीच करू लागली. राखतळ्याखालच्या विहिरींत बोरॉन किती चढला, कोणत्या महिन्यात आर्सेनिक मर्यादेच्या जवळ गेलं, हे तिच्या वह्यांत होतं. राख वरून वाळते, आत मात्र वर्षानुवर्षं ओली राहते, खिरीवर साय धरावी तशी. म्हणून तर माती पसरायच्या कामाच्या नकाशात लिहिलं होतं : सगळीकडे पंचेचाळीस सेंटीमीटर माती, त्यावर गवत आणि झाडं, आणि हरभरा, भुईमूग काही घ्यायचं तर वरच्या वीतभर मातीतच, हलक्या अवजारानं.

पंधरा दिवसांपूर्वी ती सहज एक सळई घेऊन राखतळ्यावर गेली होती. बांधाच्या कडेला सळई दोन वीत सहज लाल मातीत जायची. पण मधल्या भागाकडे दहा-पंधरा पावलं सरकल्यावर चार बोटं माती, आणि सळईच्या टोकाला करडी, ओली राख... पावसाळ्यात माती टाकणारे टिप्पर मधे रुतत होते, म्हणून त्यांनी माती कडेलाच ओतली होती. मग काम झाल्यावर मातीची जाडी मोजली, त्या मोजणीत हे कसं सापडलं नाही?

मोजणीचा अहवाल तिनं मिळवून पाहिला. नकाशावर बारा फुल्या, प्रत्येक फुलीवर खणून मोजायचा एक, असे बारा खड्डे. चव्वेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस... ती आकड्यांकडे बघत राहिली. खऱ्या मातीत आकडे असे शिस्तीत उभे राहत नाहीत. कुणीतरी बाराही खड्डे कडेनंच खणले होते.

आणि खणणारा श्रीमंत होता. मोजणीसाठी गावानंच त्याचं नाव दिलं होतं, केंद्रातला जुना माणूस, जबाबदार माणूस म्हणून. मधे जायला तो भ्याला असणार, हे तिला लगेच कळलं. चार वर्षांपूर्वी संगप्पाची म्हैस राखतळ्यात मधोमध रुतली होती. दोर लावून साऱ्या गावानं ओढली, तरी ती गेली. त्या दिवसापासून रानसांगवीचा माणूस राखतळ्यावर चालला तर बांधाला धरून चालतो. ती म्हैस स्वतःच्या डोळ्यांनी जाताना पाहिलेल्या माणसाला तिनं कसा दोष द्यावा?

तिनं त्याला एकट्याला गाठून विचारलं होतं, "श्रीमंता, मधल्या फुल्यांवर गेलतास ना?"

"म्हणजे मी खोटं लिहिलं म्हणतीस?" तो म्हणाला होता, पण बोलताना त्याची नजर खाली होती.

काम पाहणारे इंजिनिअर मल्लिकार्जुन साहेब रोज साइटवर असायचे. त्यांना एक वाक्य सांगितलं असतं की काम झालं असतं... पण मग जमीन परत मिळणाऱ्या चाळीस घरांच्या देखत तिचा भाऊ खोटारडा ठरला असता, साक्षीच्या देखत ठरला असता. सही केली असती तर मंगळवारी त्याचा ट्रॅक्टर त्या चार बोटं मातीवर चढला असता. तिनं तिसरी वाट धरली. सही करायची नाही, जमीन नावावर होऊ द्यायची नाही, आणि कारण विचारलं तर गप्प बसायचं. लोभी तर लोभी. आता तो म्हणत होता, सही असो नसो, मी जाणार... तिचा तो एवढासा आडोसाही उडून गेला होता.

शनिवारी केंद्राच्या रिकाम्या होत चाललेल्या कचेरीतून जुन्या नोकरदारांना आपापल्या फायली घेऊन जायला सांगितलं होतं. श्रीमंत दुपारी फाईल घेऊन आला आणि ओट्यावर टाकून हातपाय धुवायला गेला. साक्षी ती चाळत बसली. अयोध्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फाईल दिसली तशी तिच्या बोटांतली शेंग सुटली. "साक्षी, ठेव ती. बापाचे कागद हायत."

पण साक्षीचं बोट एका पिवळ्या कागदावर थांबलं होतं.

"आत्या... हे काय आहे? प्रकल्पग्रस्त उमेदवारांची निवड यादी. दयानंद यांचं घर. एक, अयोध्या, बी.एस्सी. रसायनशास्त्र, निवड. दोन, श्रीमंत, प्रतीक्षेत."

श्रीमंत टॉवेल हातात घेऊन दारात उभा राहिला.

"पुढचा कागद वाच," तो म्हणाला.

"नको गं," अयोध्या म्हणाली.

"वाच म्हणतो ना."

साक्षीनं वाचलं. अक्षर अयोध्याचं होतं, ते घरातल्या प्रत्येकाला ओळखू येत होतं. "माझी झालेली निवड मी स्वखुशीने सोडत आहे. माझ्याऐवजी माझा भाऊ श्रीमंत यास घ्यावे. ही बाब त्यास कळवू नये, ही नम्र विनंती."

रेणुकानं पदर तोंडाशी नेला. आतून नागाबाईंचा आवाज आला, "काय झालं रे?" श्रीमंतनं तो कागद साक्षीच्या हातातून घेतला, पुन्हा एकदा मनात वाचला, चपला घातल्या आणि चालू लागला. रात्री उशिरा आला तो न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रविवारी सकाळी अयोध्या उठली तेव्हा श्रीमंतचं अंथरूण रिकामं होतं. कुदळ नव्हती, मागच्या भिंतीला टेकवलेली बांबूची शिडीही नव्हती. ती तशीच अनवाणी निघाली, राखतळ्याचा बांध चढली, आणि पाहते तर काय... तो मधोमध होता. शिडी आडवी टाकून, तिच्यावर गुडघे टेकून तो खणत होता. जड अंगाचा माणूस असा पसरून बसला तर माती खचत नाही, हे केंद्रात काम केलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

"श्रीमंता, मागं फिर," ती ओरडली.

"यायचं तर शिडीवरून ये. बाजूला पाय टाकू नको."

ती त्याच्या पावलांच्या खुणांवरूनच शिडीपर्यंत गेली आणि शिडीवरून रांगत पुढं सरकली. खड्डा जेमतेम ओंजळभर होता. वर लालसर मातीची पातळ पोळी, आणि खाली राख, पाण्यानं चकाकणारी.

"चार बोटं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर राखेचे डाग होते, गालांवरून ओले ओघळ उतरले होते. "ह्याच्यावर मी ट्रॅक्टर घालणार होतो. तुला मालूम होतं?"

"हाव."

"मग सांगितलं कामून न्हाई लोकांत?"

"तुझं नाव येतं त्यात."

त्यानं कुदळ बाजूला ठेवली. "आन् नोकरी? ती कामून सोडलीस?"

"माझं लग्न ठरलेलं. मी कंधारला जाणार, तू आयटीआय करून वर्षभर पारावर बसलेला... तवा ते सोपं वाटलं."

"वीस वर्षं मी तुला नापास म्हणत आलो, आक्का. लेकीच्या देखत म्हणलो. तू एकदा तरी तोंड उघडायचं."

"तू तसं म्हणायचास तवा तुझी मान ताठ असायची," अयोध्या म्हणाली. "मला ते बघायला बरं वाटायचं."

त्याचा हुंदका फुटला. इतका मोठा माणूस, शिडीवर ओणवा होऊन लहान लेकरासारखा रडत होता, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली... किती वेळ गेला कुणास ठाऊक. दूर बांधावर साक्षी आणि रेणुका येऊन उभ्या राहिल्या होत्या. रेणुका पुढं यायला निघाली, साक्षीनं तिला हाताला धरून थांबवलं.

श्रीमंतनं बाहीनं तोंड पुसलं. "सही करू नको त्या कागदावर," तो म्हणाला. "मल्लिकार्जुन साहेब नऊला येतात. त्यांना मीच सांगतो, बाराही खड्डे कडंचे हायत म्हणून."

"चाळीस घरांची जमीन लांबंल. गाव तुझ्या दारात येईल, श्रीमंता."

"येऊ दे. कुणाच्या तरी लेकराचा ट्रॅक्टर रुतण्यापरीस ते बरं."

"मी असन तुझ्याजवळ."

"असशीलच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा किंचित हसला. "तुला दुसरं कुठं काय येतंय."

श्रीमंतनं खिशातून मोजणीचा नकाशा, पेन आणि टेप काढून तिच्या हातात दिले. नकाशावर मधे चार फुल्या होत्या. त्यांनी मागं सरून शिडी उचलली, पुढं सरकवली, पुन्हा आडवी टाकली. दुसऱ्या खड्ड्यात त्यानं कुदळ हलकेच मारली, हातांनी माती बाजूला केली, आणि अयोध्यानं टेपचं टोक राखेवर टेकवून आकडा वाचला.

"अकरा सेंटीमीटर."

"लिही," श्रीमंत म्हणाला. "खाली माझं नाव लिही."