दिवा कोणाकडे आहे?

या, बसा. उजेड एवढाच आहे, तेव्हा जरा जवळ सरकलात तर बरं. तुम्ही इथवर कसे आलात ते मी विचारणार नाही. बोलायला कोणीतरी मिळालं, एवढं मला पुरे. फक्त या दिव्याची काळजी करू नका. तो मला धरता येतो.

मी पुस्तकं बांधते. म्हणजे बांधायचे. वकिलांची जाडजूड, शाळेच्या वाचनालयातली, कधी कोणाच्या आजोबांनी जपलेली. पुस्तक लाडकं आहे की नाही ते मला मजकुरावरून नाही, कोपऱ्यांवरून कळतं. म्हणून गॅरेजवाल्याने पिशवीतून ते पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी आधी कोपरे पाहिले. झिजून पार गोल झाले होते.

गॅरेजवाला माझ्या धाकट्या भावाचा मित्र. हा, शिकवण्या घेणारा मास्तर आणि माझा भाऊ, अशी तिघांची टोळी. केस पिकायला लागले तरी दर शनिवारी दुपारी गॅरेजच्या वरच्या खोलीत जमून खेळायचे. मास्तरने गोष्ट सांगायची, 'समोर दार आहे, आतून आवाज येतोय, काय करता?' आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करेल ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फाशांनी ठरवायचं. सगळा कारभार या एका जुन्या नियमपुस्तकावर चालायचा. मी त्याला राक्षसांची जंत्री म्हणायचे आणि भाऊ चिडायचा.

"अरे, नवी आवृत्ती निघाली असेल की," मी म्हटलं. "गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. ती घ्या आणि सुटा."

"नव्यात सगळं सांगून टाकलंय, ताई. राक्षस किती उंच, काय खातो, कसा मरतो. यात अर्ध्या ठिकाणी नुसतं लिहिलंय, तुमचं तुम्ही ठरवा. म्हणून तर हे सोडवत नाही."

जे काही त्यांनी ठरवलं होतं ते समासात होतं. पेन्सिलीने, माझ्या भावाच्या तिरक्या अक्षरात. ते अक्षर पाहिलं आणि मी थट्टा सोडून पुस्तक जवळ ओढलं.

भाऊ रस्त्यावर जाहिरातींचे फलक लावायचं काम करायचा. शिडी सरकली आणि तो डोक्यावर पडला. तेव्हापासून तो इस्पितळात डोळे मिटून पडून होता. वाट बघा, एवढंच डॉक्टर सांगत होते.

"शिवण सुटून पानं गळायला लागली, म्हणून आम्ही खेळ थांबवला," गॅरेजवाला माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि तेव्हाच त्याला ताप चढला. छाती भरली. ताई, तू हसशील, पण आमच्यात एक पद्धत आहे. जो आला नाही, त्याला खेळात मारायचं नाही. त्याचं पात्र सगळ्यांच्या मागे दिवा धरून उभं राहतं. त्याला कोणी काही विचारायचं नाही. खेळ चालू आहे तोवर त्याच्या केसाला धक्का लागत नाही."

"वेडा आहेस का तू?"

"असेन. पण बांधून दे."

मी हसले नाही. सगळी कामं बाजूला सारून बसले. जुना दोरा कापून फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे केले, तर पानांतून रॉकेलचा वास आला. एका समासावर काजळी लागलेल्या अंगठ्याचा ठसा होता. मी तो रबराने अलगद पुसला, पान उलटलं, तर पुढच्या पानावर तसाच ठसा. तो पुसला, तर त्याच्या पुढच्या पानावर. शेवटचा तर इतका ताजा होता की माझं बोट काळं झालं. मग मी पुसणं सोडलं आणि मुकाट्याने सुई चालवत राहिले. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

शिवताना मला आमचं लहानपण आठवत होतं. बाबा कामं घरी आणायचे, वीज गेली की मी दिव्याच्या उजेडात शिवायचे आणि हा दिवा धरून शेजारी उभा राहायचा. एवढासा होता. हात भरून आला की उजेड थरथरायला लागायचा, पण हा कबूल करायचा नाही. मग मीच म्हणायचे, 'दे इकडे, मी धरते. तू जा.'

शनिवारी मी पुस्तक पोचवायला गेले. निघताना इस्पितळातून भावाच्या बायकोचा फोन आला होता. डॉक्टरांनी सगळ्यांना भेटून घ्यायला सांगितलं होतं, पण खेळ सुरू झाल्याशिवाय तिकडे जाणं माझ्या मनाला पटेना. लोखंडी जिना चढून वर गेले तर मास्तर आणि गॅरेजवाला दोघेच बसले होते. दाराशी तिसरी खुर्ची रिकामी होती.

"दोघांत खेळ होत नाही," मास्तर म्हणाला. "ताई, बसतेस?"

एरवी मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. त्या दिवशी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून बसले. रिकामी खुर्ची माझ्या पाठीशी आली.

मास्तरने पुस्तक माझ्यापुढे उघडं ठेवलं आणि सांगायला लागला. उतरता जिना आहे. भिंती ओल्या आहेत. खोल खाली पाणी ठिबकतंय. मी फासे टाकत होते, 'उतरते' म्हणत होते. बाहेर आभाळ इतकं भरून आलं की दुपारीच ट्यूबलाइट लावावी लागली. आणि मग वीज गेली. खाली गॅरेजमधलं हवा भरायचं यंत्र धापा टाकत बंद पडलं. कोणी जागचं हललं नाही.

आधी नुसता अंधार होता. मग हळूहळू मला समोरचं पान दिसायला लागलं. पिवळट उजेड माझ्या खांद्यावरून येऊन अक्षरांवर पडत होता. रॉकेलचा वास नाकात भरला.

"मास्तर... हा उजेड..."

"मागे बघू नकोस," तो कुजबुजला. "आम्हीपण बघत नाही."

"म्हणजे नेहमी...?"

"तो पडल्यापासून."

तेवढ्यात पाऊल वाजलं. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर नाही. आमच्या टेबलाखालून, फार खोलून. ओल्या दगडावर पाय ठेवल्यासारखा आवाज. थांबलं, आणि पुन्हा वाजलं. वर येत होतं.

"हे... मी सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाला. त्याने हातातले फासे टेबलावर ठेवून दिले.

मग कोणीतरी विचारलं, "दिवा कोणाकडे आहे?"

मी मास्तरकडे पाहिलं. मास्तर गॅरेजवाल्याकडे बघत होता. दोघांचेही ओठ मिटलेले होते.

पानावरचा उजेड थरथरायला लागला. ती थरथर मी ओळखली. हात खांद्यापासून भरून आल्यावर, तरीही कबूल करायचं नसताना, उजेड तसाच हलतो. केव्हापासून उभा होता माझा भाऊ, आणि कोणी त्याला साधं विचारतही नव्हतं. मला रडू फुटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"दे इकडे," मी म्हटलं. "मी धरते. तू जा."

"ताई, नको!" मास्तर ओरडला.

आता त्यांना तरी काय दोष देऊ? इतकी वर्षं खेळले, पण दिवा कोणी मागून घेतला नव्हता. खेळात सगळ्यांना तलवार हवी असते. तेव्हा दिवा मागून घेऊ नकोस असं मला आधी बजावून ठेवावं, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

माझ्या मुठीत दिव्याची तापलेली कडी आली. त्याच वेळी टेबलावर माझा फोन वाजला. गॅरेजवाल्याने तो उचलला, आणि भावाच्या बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"ताई! ह्यांनी डोळे उघडले! ताई, ऐकताय ना? ताई?"

"ऐकतेय गं," मी म्हटलं. पण गॅरेजवाला माझ्याकडे बघत नव्हता. तो खाली फरशीकडे बघत होता. "ताई पडली..." तो फोनमध्ये म्हणाला. "एकदम खुर्चीतून खाली..."

भाऊ आता ठणठणीत आहे. त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर, मी असते म्हणे. तो रोज येऊन माझे केस विंचरतो. वेंधळा आहे, भांग नेहमी वाकडा पाडतो. शनिवार मात्र तो चुकवत नाही. त्या खोलीत बसतो, आणि खेळ संपताना रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणतो, "ताई, दे ना इकडे. मी धरतो."

मी देत नाही. ऐकलंच नाही असं दाखवते. दिवा धरणाऱ्याला विचारायचं नाही, त्याचाच नियम, त्याच्याच अक्षरात. त्याची पोरं अजून शाळेत जातात. मला त्याचा आवाज ऐकवत नाही, मी भिंतीकडे तोंड करते आणि कडी घट्ट धरून ठेवते.

उजेड हलतोय ते तुमच्या लक्षात आलंय, हो ना? मघापासून तुमचा हात दोनदा पुढे आला. माणूस भला दिसता तुम्ही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. माझा हात फार भरून आलाय, खोटं कशाला बोलू... पण तुम्ही ते शब्द उच्चारू नका. माझी शपथ आहे तुम्हाला.

ऐकलंत? पाऊल. ते असंच वर येतं, उजेडाच्या कडेला थांबतं आणि विचारतं. मी 'माझ्याकडे आहे' म्हटलं की खाली जातं. घाबरू नका, रोजचंच आहे.

आलं... थांबलं...

हलू नका. आज ते माझ्याकडे बघून विचारत नाहीये.