बाळकुमचा गाळा

"पाच वाजता आवडाबाई त्या मितेशच्या हातात नारळ देतील, की माझा गाळा गेला," ऐश्वर्या म्हणाली. "मी रडायला नाही आले. चोर दाखवा मला."

टेंभी नाक्यावरच्या आपल्या ऑफिसात खासगी गुप्तहेर अमृता दळवी शांतपणे ऐकत होती. तिचा सहकारी पंढरी, निवृत्त हवालदार, सगळं वहीत उतरवून घेत होता. त्याला हे गिऱ्हाईक एकदम पटलं. डोंबिवलीत अकरा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईने असंच बोलावं.

बाळकुमच्या आवडाबाईंना रस्त्यालगतचा गाळा विकायचा होता. ऐश्वर्याला तो घेऊन भाड्याने द्यायचा होता. पोळ्या लाटणारे हात थकले तरी घरात पैसा येत राहिला असता. आवडाबाईंचा खाक्या जुना. आपला आकडा आणि पैसे असल्याचे कागद एका बंद पाकिटात द्यायचे, पाकीट देव्हाऱ्यात राहणार. दुसऱ्याचं कोणी काही बघितलं तर तो बाद. ज्याचं ठरेल त्याच्या हातात नारळ, आणि नारळ दिला की शब्द फिरणार नाही.

"सोमवारी एजंट विकीने माझे कागद तपासले," ऐश्वर्या सांगू लागली. "बँकेचं तीस लाखांच्या कर्जाचं पत्र, माझ्या वीस लाखांच्या ठेवी, आईच्या तीन लाखांच्या ठेवीची पावती. आई तयार होती, पण मंगळवारी मीच तिची पावती परत कपाटात ठेवली. तिच्या म्हातारपणाला हात लावणार नाही मी. बुधवारी करिश्माने, माझ्या मैत्रिणीने, ऑफर टाइप केली. सत्तेचाळीस लाख. तिथेच पाकीट चिकटवलं. आज सकाळी आवडाबाईंच्या पुतण्याने पाकिटं उघडली आणि फक्त सगळ्यात मोठा आकडा वाचून दाखवला. मितेशचे त्रेपन्न लाख एक हजार! गेल्या आठवड्यात हाच माणूस पंचेचाळीसच्या वर एक रुपया द्यायला तयार नव्हता."

करिश्मा फोनवरच उसळली. "सत्तेचाळीसचा आकडा मला ठाऊक होता, हो! पण बाकीचे कागद मी बघितलेसुद्धा नाहीत."

बाळकुमला पुतण्या गोपीनाथ दारातच आडवा आला. "देव्हाऱ्याची किल्ली माझ्याकडे असते. मग? मी चोर झालो?"

विकी मात्र हसत होता. "मॅडम, कागद बघणं माझं कामच आहे. ऑफर किती होती ते मला माहीतच नाय. देवाशप्पथ."

"गोपीनाथच," पंढरी अमृताच्या कानाशी लागला. "किल्ली त्याची, पाकिटं त्याच्या ताब्यात. आणखी काय हवं?"

"विकी खरं बोलला," अमृता म्हणाली. "तिथेच तो सापडला."

पंढरीला काही कळलं नाही, पण तसं दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने मान डोलावली.

पावणेपाचला आवडाबाईंच्या ओटीवर सगळे जमले. मितेश पेढे घेऊनच आला होता. आवडाबाईंच्या मांडीवर नारळ होता.

"मितेशभाऊ," अमृताने विचारलं, "ऐश्वर्याची ऑफर किती होती, माहीत आहे?"

"नाही बुवा."

"सत्तेचाळीस."

मितेशच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली आला.

"करिश्माने आकडा फोडला असता," अमृता म्हणाली, "तर तुम्ही साडेसत्तेचाळीस भरले असते. गोपीनाथने पाकीट उघडून दाखवलं असतं, तरी तेच. पंचेचाळीसवर अडून बसणारा माणूस उगाच सहा लाख जास्त देत नाही. म्हणजे तुम्हाला ऑफर कळलीच नव्हती. कळलं होतं ते तिच्याकडे पैसे किती आहेत ते. पण पाकिटातले कागदही पन्नास लाखांचेच आहेत. त्रेपन्न कुठून आले?"

ऐश्वर्या ताडकन उभी राहिली. "आईची पावती!"

"ती फक्त सोमवारच्या कागदांत होती. आणि सोमवारचे कागद एकट्या विकीने बघितले. ऐश्वर्या त्रेपन्नपर्यंत जाईल, असं त्याने गृहीत धरलं. वर एक हजार घाला म्हणाला असेल."

विकी तोंड उघडणार तोच मितेश त्याच्यावर धावला. "अरे, सहा लाखांना बुडवलंस ना मला! वरून दलाली पण घेतलीस!"

अमृताला पुढे काही सांगावं लागलं नाही.

"मितेश बाद," आवडाबाई म्हणाल्या.

गोपीनाथ कळवळला. "काकी, सहा लाखांवर पाणी सोडतेस?"

"आपली भातशेती गेली तवा पन दलालानं आपला आकडा आधीच बघितलेला. तवा मी गप बसले. आता नाय बसनार." म्हातारी उठली आणि तिने नारळ ऐश्वर्याच्या हातात ठेवला.

ऐश्वर्याची मान ताठ होती. "सत्तेचाळीसच देईन हं. एक रुपया जास्त नाही."

"मना कनाला पायजे जास्त?" आवडाबाई म्हणाल्या. "बस. चहा टाकते."

पंढरीने वहीतलं गोपीनाथचं नाव हळूच खोडलं आणि मितेश विसरून गेलेला पुडा उघडला.