पाठीवरचा पंजा

ते घड्याळ बंद कर आधी. किती पिकपिक करतंय! आणि ते घामट मोजे बाहेर टाक, जेवलेलं वर येईल माझं. हं. आता मामाचं ऐका. मॅरेथॉन काय, स्पीडवर्क काय... पळा खुशाल, पण हे ऐकून पळा. ज्याच्यावर गुदरलं, त्याचे कपडे वीस वर्षं माझ्याच लाँड्रीत येतात.

आपल्या चौकातला चष्मेवाला. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. सासूबाईंच्या चष्म्याची दांडी बदलली होती, तो चष्मा पोचवायला निघाला. निघताना धावायचेच कपडे चढवले. एका दगडात दोन पक्षी. 'उशीर करू नका,' बायको म्हणाली. 'एवढं स्पीडवर्क उरकून आलोच,' हा म्हणाला. मॅरेथॉन महिन्यावर आली होती आणि चार तासांच्या आत संपवायची, या एका गोष्टीने त्याला झपाटलं होतं.

चष्मा दिला, चहाला नको म्हणाला आणि कोल्ड स्टोरेजमागच्या सरळ रस्त्याला लागला. स्पीडवर्क म्हणजे काय, तर घड्याळ वाजलं की जीव तोडून पळायचं, परत वाजलं की चालत दम खायचा, की पुन्हा पळायचं. आधी तो आणि सुतार मिळून करायचे. सुतार याचा जिवाभावाचा मित्र. दुकानातली सगळी कपाटं त्याच्या हातची. करवतीने उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलेलं, तरी टाळी द्यायला सगळ्यांच्या आधी. पळायला मात्र हळू. म्हणून दोघांनी नियम केला होता. दम खायच्या वेळी पुढच्याने वळून मागे यायचं, मागच्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्याला सोबत घेऊन जायचं. पुढे असायचा कायम चष्मेवालाच.

पाच महिन्यांपूर्वी सुतार याच रस्त्यावर गेला. पळता पळता छातीत कळ आली, उलटी झाली आणि त्या उलटीतच तोंडावर पडला बिचारा. त्याची बायको अजून दुकानात येते आणि एकच विचारते, 'भाऊजी, शेवटी त्यांनी हाक मारली होती का हो?' 'मी फार पुढे होतो वहिनी, मला काही कळलंच नाही,' हा सांगतो, डोळ्याला रुमाल लावून. आम्हा सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

तर त्या रात्री दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला पुढच्या दिव्याखाली कोणीतरी पळताना दिसलं. याला बरंच वाटलं, गाठायला कोणी मिळालं म्हणून. याने जोर लावला. अंतर तेवढंच. आणखी लावला. तेवढंच.

घड्याळ वाजलं. हा चालायला लागला.

पुढचाही थांबला.

आणि वळला.

दिवा त्याच्या पाठीमागे, तोंड दिसेना. मान खाली घालून येत होता. हळू... हळू. हनुवटीवरून काहीतरी खाली टपटपत होतं. मग वास आला. आंबट. आतड्यातला.

'कोण आहे?'

नुसता घशातला आवाज. ओकारी येते आणि बाहेर पडत नाही, तसा.

तो आवाज याच्या ओळखीचा होता रे! सुतार गेला त्या रात्री ऐकलेला. हाकही ऐकलेली. वळायची वेळ झाली होती, घड्याळ वाजलं होतं. पण त्या दिवशी गडी फॉर्मात होता. 'आणखी एक फेरी काढू, मग वळू.' एक म्हणता म्हणता तीन काढल्या. थू!

याने डोळे गच्च मिटले. पावलं जवळ आली... बाजूने गेली... थांबली.

पाठीवर हात पडला.

ओला. कोमट.

घड्याळ वाजलं आणि हात ढकलायला लागला. हा पळाला. हात पाठीवरच. काहीतरी चिकट पाठीच्या कण्यावरून कमरेत उतरत होतं. दम खायचं घड्याळ वाजलं. हात थांबला नाही. परत वाजलं. नाहीच. चौकातल्या उजेडात येऊन हा कोसळला, तेव्हा मागे कोणी नव्हतं.

घरी जाऊन त्याने बायकोपुढे सगळं ओकलं. सकाळी ती स्वतः टी-शर्ट घेऊन माझ्याकडे आली, पिशवीला गाठीवर गाठ मारून. तिनेच मला हे सांगितलं. चाळीस वर्षं मी जगाची घाण धुतोय. आजाऱ्यांच्या चादरी, दारुड्यांचे शर्ट, काही सोडलं नाही. किळस कसली ती मला माहीत नाही. पण ती पिशवी सोडली आणि मोरीवर जाऊन ओकलो. वासाने कमी, त्या 'आणखी एक फेरी'ने जास्त.

'वहिनींना खरं सांगून टाका,' बायको त्याच्या मागे लागली. त्यावर हा बाबा काय म्हणाला असेल? 'सांगतो गं. एवढी मॅरेथॉन होऊ दे.'

झाली मॅरेथॉन. चार तासांच्या आत आला. पदक दुकानात टांगलंय, चष्म्यांच्या मधोमध. त्याच्याखाली उभी राहून परवा सुताराची बायको तेच विचारत होती. आणि हा तेच सांगत होता.

टी-शर्ट न्यायला कोणी आलं नाही. मागच्या दोरीवर आहे बघ. तीनदा धुतला. वास गेला, डाग गेला. महिनाभर उन्हात आहे, बाकीचा कडकडीत वाळलाय. पाठीवर तेवढा एक पंजा वाळत नाही.

कंदील घेऊन जा आणि हात लावून बघ. मधलं बोट... अर्धंच ओलं आहे.