बारा मार्चचं पत्र

"चाचा, रुकिए! मत मिटाइए!" बुद्धभूषण धापा टाकत पपांच्या ऑफिसात शिरला. मागोमाग नीलम. त्याच्या अलीगंजच्या कॉम्प्युटर क्लासमधली सगळ्यांत हुशार पोरगी!

"बेटा, फाइल खराब है," पपांचे सहकारी जगदीशचाचा पानाचा डबा उघडत म्हणाले. "खुलती ही नहीं. शाम को मशीन साफ होगी."

खराब कसली! पपा रोज जेवणाच्या सुट्टीत त्या एकाच फाइलीत भूषणला पत्र लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. "मोठा झालास की सगळी एकदम देईन," म्हणायचे. आणि मार्चमधल्या एका दुपारी, त्याच खुर्चीत, पपा गेले. त्या सकाळी भूषण सायकलीसाठी रुसला होता, त्यांच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. पपांनी त्या दिवशी काय लिहिलं असेल? रागावले असतील? दोन महिने पोराला घास गोड लागत नव्हता.

नीलमने स्क्रीनकडे बघितलं. "यार, खराब नाहीये! एवढी मोठी झालीय की उघडत नाही. तुकडे करायला हवेत!"

चाचा पान थुंकायला गेले तेवढ्यात फाइल फ्लॉपीवर!

क्लासमध्ये नीलमने प्रोग्रॅम लिहिला. 'जय भीम' अशी ओळ आली की नवी फाइल सुरू. भराभर फाइली निघाल्या, पण एकाआड एक रिकामी!

"अब क्या हुआ?" नीलम वैतागली.

"अगं, आमच्याकडे पत्र जय भीमने सुरू होतं आणि जय भीमनेच संपतं!" भूषण म्हणाला. "जय भीमच्या खालच्या ओळीत तारीख असेल तरच नवं पत्र धर. फाइलीला नावही तारखेचंच दे."

पुन्हा चालवला. दोनशे अकरा पत्रं, प्रत्येक आपापल्या तारखेच्या फाइलीत! शेवटची बारा मार्चची. भूषणला ती उघडवेना. नीलमनेच उघडली.

'भूषण, आज तू रुसलास. मला हसूच आलं. मीही तुझ्या आजोबांवर असाच रुसायचो. संध्याकाळी आलो की मीच आधी बोलेन. तू फक्त दार उघड.'

दुसऱ्या दिवशी मुलांनी नेऊन दिलेल्या फ्लॉपीवरून जगदीशचाचा सगळी पत्रं छापून विकास नगरला भूषणच्या घरी घेऊन आले. "शाबाश बच्चो! मैं तो मिटा ही देता," म्हणताना त्यांची मान खाली होती.

भूषणने वरचा, बारा मार्चचा कागद आईच्या हातात दिला. "पपा रागावले नव्हते गं, आई," एवढंच तो म्हणाला, आणि तिच्या कुशीत शिरून दोन महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडला.