पापणी लवायच्या आतला वारा

रिक्षातून दोन्ही बाजूंना बाहेर आलेला माझा पाइप नवनीतच्या चहाच्या कपावर आदळला, आणि मला तो तिथेच आवडला. कारण तो चिडला नाही. आपल्या लेथच्या दुकानापुढे उभा राहून शर्ट झटकत म्हणाला, "तोफ शे का?"

"वाराना बोगदा शे. कॉलेजना प्रोजेक्ट."

"आनि वारा कितला येळ चालस?"

"पापनी लवाना पह्यलेच सरी जास."

"मंग मी पापनी लवाडतच नही..." असं म्हणत तो माझ्याकडेच बघत राहिला. चावट!

मग नळ्यांचे जोड कातून घ्यायला रोज त्याच्या लेथवर जाणं आलं. एका नळीत दाबून भरलेली हवा, दुसरी मोकळी, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्रा फुटला की वारा गोळीसारखा सुटतो. या चाचणीची नोंद पाठवली की बंगळुरूच्या प्रयोगशाळेत माझी जागा पक्की होती.

नेमके चाचणीच्या दिवशी प्रकाशा गावाहून माझे वडील, आबा, दुकानाच्या दारात उभे!

"रुचिका, घर चाल. पाव्हना ई ऱ्हायनात तुले देखाले."

"पह्यले मन्हा वारा, आबा. मंग पाव्हना."

मी व्हॉल्व्ह उघडला. दाब चढत गेला आणि... धाड! लालभडक ढग! शेजारीच मिरची वाळत घालायचं मैदान, पथारी. या दिवसांत नंदुरबारात माणसं पाण्याचा माठसुद्धा फडक्याने बांधतात, आणि मी शहाणी आदल्या रात्री नळीचं तोंड उघडं टाकून गेले होते; तिखटाची धूळ आत साचली होती. तिघंही खोकून बेजार. दाबाची रेघ दाखवणाऱ्या पडद्यावर नुसती गिचमीड.

"व्हयनं समाधान?" आबा डोळे पुसत म्हणाले.

"नही. आखो एकदाव."

मी म्हणाले खरी, पण मला रडू फुटलं. मिरचीचं नव्हे, खरंखुरं. नवनीतने नळी धुवायला घेतली. नवा पत्रा मी बसवला. आबा गेले नाहीत, स्टुलावर बसून बघत राहिले.

धाड! पडद्यावर एकच रेघ, ताठ चढलेली. हवी तश्शी! नोंद मी तिथल्या तिथे पाठवून टाकली.

"आते चाल," आबा हळूच म्हणाले.

"घर येस. पन पाव्हनास्ले 'नही' सांगाले." आणि मी नवनीतकडे वळले. "आनि तुन्हं काय?"

"तू जाय बंगलोरले... मी थांबसू."

"थांबाले मी काय एसटी शे? तठे बी लेथ शेतस. मन्हासंगे चाल."

"पन तुन्हा आबा—"

"आबा, माले हाऊ नवनीत आवडस," मी सांगूनच टाकलं, आणि त्याचा ग्रीसने माखलेला हात धरला.

आबांनी आधी तो हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली नाही. हातही सोडला नाही.